भावावर पहारा किती दिवस?

सांगलीच्या विश्रामबाग भागातून एका ताईंचं पत्र आलं आहे. ओळख पटेल अशा गोष्टी गाळून ते थोडक्यात देते.

"माझा धाकटा भाऊ 36 वर्षांचा. आमचं माहेर तासगाव तालुक्यात. बांधावरून चुलतभावाशी भांडण झालं तेव्हा भाऊ प्यालेला होता आणि हातात कोयता होता. चुलतभावाचा उजवा हात कायमचा अधू झाला. भावाला तीन वर्षं लागली. आधी सांगलीत कच्चा कैदी म्हणून, मग कोल्हापूरला कळंब्याच्या जेलात. नोव्हेंबरात सुटला. बायको मुलीला घेऊन जतला माहेरी गेली आहे, आई थकली आहे, म्हणून मी त्याला माझ्याकडं आणलं. तीन वर्षं थेंब घेतला नव्हता, आम्हाला वाटलं सुटली. गावच्या यात्रेला एका दिवसासाठी गेला. गावात बाटली आडवी झालीय, दुकान बंद आहे, तरी रात्री दोघांनी धरून आणून दारात सोडला. तेव्हापासून मी रोज त्याच्या तोंडाचा वास घेते. मोबाइल, आधार कार्ड माझ्या कपाटात ठेवलंय. बाहेर पडला की माझ्या धाकट्याला मागं पाठवते. परवा म्हणाला, 'आक्का, कळंब्यात मुलाखतीला यायचीस तेव्हा तरी हसून बोलायचीस.' मिस्टर म्हणतात, सहा महिने व्यसनमुक्ती केंद्रात टाकू, ते लोक गाडी घेऊन येतात आणि उचलून नेतात. शेजारणीनं चहात घालायची पुडी दिलीय. सासूबाई म्हणतात, पंढरपूरला नेऊन माळ घाला. जेलमध्ये बरोबर असलेल्या एकाचा सारखा फोन येतो. भाऊ स्वतः म्हणतो, मला गावी जाऊ द्या. मी काय करू? आणि अजून किती दिवस? हां, आत तो सुतारकाम शिकलाय."

ताई,

आधी त्या पुडीचं. चहात घातली नसेल तर घालू नका. घातली असेल तर आजच बंद करा आणि त्याला तसं सांगून टाका. 'नकळत दारू सोडवा' असल्या जाहिराती एसटी स्टँडपासून मोबाइलपर्यंत सगळीकडं दिसतात, पण पुडीत काय आहे ते विकणारा कधी सांगत नाही. डायसल्फिराम नावाचं एक औषध आहे. डेन्मार्कच्या डॉक्टरांनी 1948 च्या सुमारास ते दारूवर वापरायला सुरुवात केली आणि मानसोपचारतज्ज्ञ आजही देतात. ते अंगात असताना दारू घेतली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी झपकन खाली येतं. हृदय किंवा लिव्हर आधीच कमजोर असेल तर जिवावर बेततं. गोळी थांबवली तरी असर दोन आठवड्यांपर्यंत टिकू शकतो. म्हणून ते तपासण्या करून, समजावून आणि पेशंटच्या होकारानंच द्यायचं असतं. पुडीत हे असलं आणि भावाला पत्ताच नसला, तर तो बाहेर एक क्वार्टर घेईल आणि दवाखान्यात डॉक्टरांना काय झालंय ते कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय असली गोष्ट कधी ना कधी कळतेच. बहिणीच्या हातच्या चहाचाही भरवसा उरला नाही, तर तो तुमच्याकडं राहील कशासाठी?

आता 'तीन वर्षं थेंब घेतला नव्हता' याबद्दल. ते खरं आहे आणि वायाही गेलेलं नाही, शरीर सावरलं असणार. पण त्या तीन वर्षांत त्यानं दारूला नाही म्हटलं असं झालेलं नाही, नाही म्हणायची पाळीच आली नाही. बराक उघडणार, गिनती होणार, जेवण, काम, पुन्हा गिनती, पुन्हा बंदी. खिशात पैसे नाहीत, कोपऱ्यावर दुकान नाही, 'चल की लेका, एकच घेऊ' म्हणणारा दोस्त नाही. गेटाबाहेर पाऊल टाकलं की हे सगळं एका दुपारीत परत समोर येतं आणि त्याला तोंड कसं द्यायचं याचा सराव शून्य. त्याची व्यसनमुक्ती नोव्हेंबरात सुरू झाली असं मी धरते. तसं धरलं तर यात्रेतली रात्र म्हणजे सुरुवातीच्या महिन्यांतली एक घसरण आहे. त्यावरून 'हा सुधारायचाच नाही' असा निकाल लावायला ती पुरेशी नाही.

त्या रात्रीतला खरा धोका मात्र वेगळाच होता आणि तो घरात कुणाच्या ध्यानात आलेला दिसत नाही. पूर्वी पचवायचा तेवढी दारू आता त्याच्या शरीराला पचत नाही. सवय मोडलेली असते, मनाला माप मात्र जुनंच आठवतं. गर्द, इंजेक्शन, गोळ्या घेणाऱ्यांच्या बाबतीत हे फार भयंकर ठरतं. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात तुरुंगातून सुटलेल्यांचा एक मोठा अभ्यास 2007 मध्ये प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत त्यांच्या मृत्यूचा धोका तिथल्या इतर लोकांच्या 12 पटींहून जास्त निघाला आणि त्यात सगळ्यात मोठं कारण होतं नशेचा जादा डोस. दारूचंही गणित थोडंफार असंच. तेव्हा पुन्हा कधी तो तसा घरी आलाच तर उताणा झोपवून दार लावून घेऊ नका. कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी झाली तरी घशात अडकणार नाही. मधूनमधून हाक मारून बघा. हाकेला ओ देत नसेल, श्वास फार सावकाश किंवा घरघर करत चालला असेल, अंग गार पडलं असेल, तर 108 ला फोन करा. 'उतरल्यावर उठेल' म्हणून वाट बघू नका.

आणि याच्या उलटही एक आहे. एखादा माणूस रोज आणि भरपूर प्यायला लागला असेल, तर त्याला घरात कोंडून एकदम बंद करू नये. शेवटच्या घोटानंतर सहा तासांपासून दोन दिवसांपर्यंत फीट येऊ शकते. दोन ते चार दिवसांत हातपाय कापणं, भास होणं, भ्रमिष्टासारखं बोलणं सुरू होऊ शकतं. हा वेडेपणा नाही, नाटकही नाही. दवाखान्यात औषधांनी हे सांभाळता येतं, घरी यातच माणसं दगावतात. तुमचा भाऊ आज त्या अवस्थेत नाही, पण हे माहीत असलेलं बरं.

आता तुमचा पहारा. तुम्ही हे मायेपोटी करताय हे पत्राच्या ओळीओळीतून दिसतंय. पण तोंडाचा वास प्याल्यावर येतो. प्यायच्या दोन तास आधी त्याच्या मनात काय चाललं होतं ते वासावरून कळत नाही, आणि ते तो तुम्हाला सांगायचाही नाही. वास घेणाऱ्या माणसाला 'आक्का, आज प्यावंसं वाटतंय' असं कोण सांगेल? हे वाक्य त्याला ज्याच्याजवळ बोलता येईल, असं माणूस त्याला हवंय. ते तुम्हीच असलं पाहिजे असं नाही. बहुतेक वेळा ते घरातलं माणूस नसतंच, कारण घरच्यांनी इतकं सोसलेलं असतं की ते वाक्य ऐकताच एक तर रडू फुटतं, नाहीतर हात उचलला जातो.

धाकट्याला मामाच्या मागावर पाठवणं तेवढं उद्यापासून बंद करा. मामा प्याला तर ते घरी येऊन सांगायचं का लपवायचं, हे ओझं पोराच्या डोक्यावर नको.

तुमच्याच जिल्ह्यात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर आहे, ऐकलं असेल. औंध संस्थानच्या राजांनी 1939 मध्ये, मॉरिस फ्रीडमन या पोलंडच्या इंजिनिअरच्या कल्पनेवरून, गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना तिथं उघड्यावर शेती करायला ठेवलं. भोवती उंच भिंत नाही, आणि पुढं बायकामुलांसह राहायची मुभा. पळून जायला रान मोकळं असताना माणसं थांबली. पोलिसी खाक्याच्या लोकांना ते तेव्हा खुळेपणाचं वाटलं असणार. मला ती वसाहत आठवते ती त्यातल्या व्यवहारासाठी. कैद्यावर नजर ठेवायला पहारेकरी वाढवत बसण्यापेक्षा त्यांनी त्याला जमीन, काम आणि माणसं दिली. तुमच्या दोन खोल्यांत जमीन नाही, पण काम आणि माणसं ह्या दोन गोष्टी जमवता येतील.

माणसांपासून सुरुवात करू. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, लोक नुसतं 'एए' म्हणतात, हे नाव तुम्ही ऐकलं असेल. त्याचा जन्म 1935 मधला, अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावचा. शेअरबाजारात काम करणारा एक माणूस, दारू सोडून जेमतेम काही महिने झालेले, धंद्यातला सौदा फिसकटलेला, परगावी हॉटेलात एकटा. एका बाजूला बार आणि दुसऱ्या बाजूला टेलिफोन. त्यानं टेलिफोन उचलला आणि गावातल्या चर्चमध्ये विचारत सुटला की बोलायला एखादा दारुडा मिळेल का. मिळाला तो एक डॉक्टर होता. दोघं बोलत बसले आणि त्यातून पुढचं सगळं उभं राहिलं. बघा, त्यानं डॉक्टर डॉक्टर म्हणून शोधला नव्हता. दारू सोडवणारं कुणी त्याला नकोच होतं, आपल्यासारखाच प्यालेला माणूस हवा होता. आपल्याकडं 1957 पासून हे गट चालतात, मराठीतही चालतात. फी नाही, नोंदणी नाही, अट एकच, दारू सोडायची इच्छा.

मीटिंग कशी असते ते सांगते, म्हणजे भावाला सांगता येईल. शाळेचा वर्ग नाहीतर कुठलासा छोटा हॉल. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर एक कापडी फलक, कोपऱ्यात चहाचा थर्मास. दहा-पंधरा जण. त्यात एसटीतला ड्रायव्हर असतो, हळद मार्केटातला हमाल असतो, एखादे शिक्षक असतात, आणि एक-दोघं असे की ज्यांच्याकडं बघून तुम्हाला शंकासुद्धा येणार नाही. प्रार्थनेनं सुरुवात. मग एकेक जण नाव सांगतो, आडनाव नाही, 'मी अल्कोहोलिक आहे' म्हणतो आणि आपली गोष्ट बोलतो. मध्ये कुणी तोंड घालत नाही, झाल्यावर उपदेश करत नाही. टोपी फिरते, दहा-वीस टाकायचे असतील तर टाका, नाहीतर पुढं सरकवा. नवा माणूस गप्प बसला तरी चालतं. निघताना दोघं-तिघं त्याच्या हातात आपले नंबर देतात आणि सांगतात, घोट घेण्याआधी फोन कर, नंतर नको. भावाला धास्ती असेल की जेलचं कळलं तर काय. त्या खोलीत लॉकअप, कोर्ट, जेल पाहिलेली माणसं निघतातच. तिथं ती बातमी होत नाही.

सांगली, मिरजेत गट कुठं आणि कधी बसतात ते सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात विचारा. त्याला तिथं एकदा दाखवायचंच आहे. ओढ कमी करणारी औषधं मिळतात, झोप आणि उदासी तपासली जाते. जेलमधून आलेल्या पुष्कळांना महिनोन्‌महिने झोप लागत नाही, दार बंद केलं की घाबरं होतं, उघडं ठेवलं तरी घाबरं होतं, आणि झोपेसाठी म्हणून बाटली जवळ केली जाते. पहिल्या तीन महिन्यांत मीटिंगला जितकं जास्त जाता येईल तितकं जावं असं जुनी मंडळी सांगतात. आपल्याकडं रोज मीटिंग नसेल तर आठवड्यातून दोन-तीन आणि मधल्या दिवशी फोन. म्हणजे त्याचा मोबाइल तुमच्या कपाटात राहून चालणार नाही. आजच देऊन टाका.

सासूबाईंच्या माळेला मी हसणार नाही. आपल्या भागात माळेनं जितक्या बाटल्या सोडवल्यात तितक्या सगळ्या डॉक्टरांनी मिळून सोडवल्या नसतील. पण ती काम कशी करते ते बघा. माळ घातलेला माणूस संध्याकाळी भजनात बसतो. एकादशी येते, सप्ताह येतो, वारी येते, वर्षाचं वेळापत्रक भरतं. जुने दोस्त 'माळकरी झालाय, त्याला नको' म्हणून स्वतःहून बाजूला होतात. टाळ धरायला शेजारी कुणीतरी रोज असतं. यातलं काही नसताना नुसती पंढरपूरला नेऊन गळ्यात घातली, तर काय होतं तेही गावोगाव दिसतं. माणूस माळ काढून खुंटीला अडकवतो, पिऊन येतो, सकाळी परत घालतो. काही दिवसांनी विठ्ठलाची शपथ मोडली म्हणून स्वतःची इतकी शरम वाटते की त्या शरमेपायीच आणखी पितो. तेव्हा आधी त्याला विचारा. त्याला ओढ असेल तर जवळच्या भजनी मंडळात महिनाभर नुसतं बसू दे. माळेचं त्याचं तो आणि मंडळातले बुवा ठरवतील. माळ आणि मीटिंग यांत भांडण काही नाही, दोन्ही करणारी माणसं आहेत. फक्त माळ घातली म्हणून डॉक्टरांची गोळी बंद, असं नको.

उचलून नेणाऱ्या केंद्राला मात्र माझा साफ विरोध आहे आणि तुमच्या मिस्टरांना तो कळवा. मानसिक आरोग्य कायदा 2017 चा. दारू आणि अमली पदार्थांच्या व्यसनातून आलेले आजारही त्यात येतात. मर्जीविरुद्ध कुणाला भरती करायचं तर दोन तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासून, कायद्यातल्या अटी पूर्ण होत असतील तरच, आणि पहिल्या खेपेला जास्तीत जास्त 30 दिवस. साखळीनं बांधायला कायद्यानं बंदी आहे. 'सहा महिने ठेवतो, भेटायला यायचं नाही' असं जो म्हणतो त्याच्याकडं नोंदणी आहे का ते आधी विचारा. कळंब्यातून सुटलेल्या माणसाला गाडीत कोंबून पुन्हा कुलपाआड टाकलं, तर तो बाहेर आल्यावर तुमच्याकडं तरी कशाला येईल? चांगली केंद्रं आहेत. सातारला डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी उभं केलेलं परिवर्तन आहे, पुण्यात डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी 29 ऑगस्ट 1986 ला सुरू केलेलं मुक्तांगण आहे. पुन्हा पुन्हा घसरायला लागला तर बोलून, त्याच्या पायानं चालत तिथं जाऊ दे. एका रात्रीसाठी आज भरतीची गरज मला दिसत नाही.

जेलमधल्या मित्राच्या फोनला तुम्ही घाबरलाय. घाबरायचं कारण असेलही, पण ते फोन कुठून येतो यावरून ठरवू नका. भावाला एवढंच विचारा, तो आता पितो का? पीत असेल तर भावानंच त्याला 'सध्या भेटत नाही' म्हणून सांगायचं. पीत नसेल तर उलट त्यालाही मीटिंगला बोलवा. बराकीतल्या रात्री काय असतात हे तुमच्या अख्ख्या नात्यागोत्यात त्या एकालाच ठाऊक आहे.

गावी जाण्याचा प्रश्न सगळ्यात अवघड. तिथं आई आहे, शेत आहे, आणि एका घराच्या अंतरावर उजवा हात अधू झालेला चुलतभाऊ आहे. त्याच्या बायकोला रोज त्या हाताकडं बघावं लागतं. भावाची शिक्षा कोर्टात संपली, त्या घरात संपलेली नाही. एएच्या बारा पायऱ्यांत आठवी आहे ती आपण दुखावलेल्या माणसांची यादी करण्याची आणि नववी शक्य तिथं भरपाई करण्याची, तीही भरपाईमुळं त्यांना आणखी इजा होणार नसेल तरच. आठवी, नववी. पहिली, दुसरी नव्हे. सुटल्यासुटल्या पाया पडायला गेला, तर ते त्याच्या मनाला हलकं वाटेल, त्यांच्या मनाचं काय? किमान वर्षभर तरी गावात मुक्काम नको असं माझं मत आहे. आईला भेटायला सकाळी जाऊन संध्याकाळच्या गाडीनं परत. यात्रा, लग्न, जेवणावळ यंदा नाही. जो कोणी मध्यस्थ दोन्ही घरांत चालतो, तुमचे मामा असतील, सोसायटीतलं कुणी जुनं माणूस असेल, त्यांच्याकडून एवढाच निरोप जाऊ दे की त्याला चूक मान्य आहे आणि बांधाचा वाद तो उकरणार नाही. उत्तर यायलाच हवं असं काही नाही.

मुलीसाठी जतला ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी फोन. मुलीच्या आईनं हो म्हटलं तरच, आणि एकदा ठरलं की चुकवायचा नाही. 'मला परत घे' हा विषय त्या फोनवर काढायचा नाही.

काम. तो आत सुतारकाम शिकला असं तुम्ही पत्राच्या शेवटी जाता जाता लिहिलंय. मला ती सगळ्या पत्रातली सगळ्यात उपयोगाची ओळ वाटली. सांगलीत फर्निचरच्या कारागिरांना हाताखाली माणूस लागतो. पोलीस दाखला मागणाऱ्या कंपनीच्या मागं लागून दर आठवड्याला नकार घेत बसण्यापेक्षा अशा ठिकाणी सुरुवात करावी, जिथं मालक तोंडओळखीवर ठेवतो. मालकाला जेलचं आधीच सांगायचं, तिसऱ्याकडून कळण्यापेक्षा ते बरं. किर्लोस्करवाडी तुमच्यापासून लांब नाही. तिथं लक्ष्मणराव किर्लोस्करांनी शंभर वर्षांपूर्वी शिक्षा भोगलेल्या माणसांना कामावर ठेवलं होतं. असा मालक आजही एखादा भेटतो, विचारत राहावं लागतं. पगाराच्या दिवसाची मात्र आधी तयारी ठेवा, घसरायचा दिवस बहुधा तोच असतो. रोख हातात न घेता खात्यात घ्यावी, आणि त्या संध्याकाळी मीटिंग असली तर उत्तम.

खात्यावरून आठवलं, दोन वर्षं व्यवहार नसला की बँक खातं निष्क्रिय करते. त्याचं झालं असणार. आधार, पॅन घेऊन त्याला स्वतःला शाखेत जाऊन केवायसी करू दे. तुम्ही बाहेर थांबा. रेशन कार्डावर नाव आहे का तेही बघा. जेलमधून मिळालेला सुटकेचा कागद जपून ठेवा आणि त्याच्या चार झेरॉक्स काढा. जिल्हा महिला व बालविकास कार्यालयात परिविक्षा अधिकारी असतात. सुटून आलेल्या बंद्यांच्या पुनर्वसनाचं काम त्यांच्याकडं असतं, धंद्यासाठी काही मदत मिळते का ते तिथं विचारा. कायद्याची अडचण आली तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, फोन 15100. व्यसनाबद्दल बोलायचं असेल तर 14446 आणि मन फारच बिघडलं असेल तर टेलिमानस 14416. तिन्ही फुकट आहेत.

पुन्हा प्याला तर काय, हे आजच, तो शुद्धीत असताना, तिघांनी बसून ठरवा. त्या रात्री कुणी काही बोलायचं नाही, रडायचं नाही, मारायचं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानं स्वतः मीटिंगमधल्या माणसाला फोन करायचा आणि त्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवायचं. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, यांतलं आदल्या दिवशी काय होतं ते त्यानं आठवून बघायचं. व्यसनमुक्तीवाले ही चौकडी पेशंटला पाठच करायला लावतात. आणि घरात पिऊन आरडाओरडा केला, मुलांसमोर तमाशा केला, तर त्या रात्री त्यानं दुसरीकडं झोपायचं, हेही त्यातच ठरू दे. कुठं झोपायचं तेही आधीच ठरवा. घर तुमच्या मिस्टरांचंही आहे आणि त्यांच्या रागात तथ्य नाही असं मला वाटत नाही.

'किती दिवस' असं तुम्ही विचारलंय. सिव्हिलला पेशंट ठेवला की घरातले पाळ्या लावतात, एकटं कुणी जागत नाही. तसंच करा. मीटिंगमधले दोघं, भजनातलं एखादं माणूस, कामावरचा मालक, डॉक्टर, तुम्ही. एवढ्या पाळ्या लागल्या की तुमच्या वाट्याला बहीण होणं तेवढं उरेल. आणि तुमच्यासाठीही एक गट आहे. पिणाऱ्यांच्या घरच्यांचा अल-अ‍ॅनॉन, अमेरिकेत 1951 मध्ये सुरू झालेला. एएच्या लोकांना विचारलंत की इकडचा पत्ता मिळेल. तिथं जा. भावानं जायची वाट बघू नका, तो गेला नाही तरी तुम्ही जा.

पहिल्या मीटिंगला त्याच्याबरोबर तुम्ही जाऊ नका, तुमच्या मिस्टरांना पाठवा. तुम्ही गेलात तर तो तुमच्या चेहऱ्याकडं बघत बसेल. घरच्यांना बसता येतं अशी मीटिंग आधी विचारून ठेवा, उघडी मीटिंग म्हणतात तिला. आणि मिस्टरांना आधीच सांगून ठेवा की संपल्यावर लगेच गाडीला किक मारायची नाही. लोक बाहेर टपरीवर अर्धा-पाऊण तास उभे राहून बोलत असतात, आणि आत तोंड न उघडलेला नवा माणूस बहुतेक वेळा तिथंच बोलायला लागतो.